पेशीतला गैरहजर इन्स्पेक्टर

माझा आजार मला पहिल्यांदा दिसला तो एका गाठीत.

मी ओझरच्या विमान कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. काम सोप्या शब्दांत सांगायचं तर समोर आलेला प्रत्येक सुटा भाग मापायचा आणि त्याला टॅग बांधायचा. टॅग म्हणजे पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिला एक भोक आणि भोकात दोरा. भाग बरोबर असेल तर हिरवा टॅग. अजिबात चालणार नसेल तर लाल, म्हणजे तो भाग कुलूपबंद पिंजऱ्यात जातो आणि तिथून भंगारात. या दोघांच्या मध्ये एक पिवळा असतो. चूक आहे, पण ती कुठे आहे आणि किती आहे हे त्या टॅगवर लिहायचं, आणि वापरायचं की नाही ते जबाबदार माणसांनी सह्या करून ठरवायचं. वीस वर्षांत अशा किती गाठी मारल्या त्याचा हिशेब नाही. डोळे झाकून मारायचे. "मॅडमची गाठ सुटत नाही, कापावी लागते," अशी माझी ख्याती होती आणि मला तिचा चांगलाच तोरा होता.

एके दिवशी ती गाठ बसेना. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट दोरा धरायचे आणि थरथरत राहायचे. मी स्टोअरवाल्याला झापलं की तुम्ही दोरा बदललाय. बिचाऱ्याने जुना गुंडा आणून दाखवला, तोच होता.

पुढची दोन वर्षं मी दोष द्यायला दोऱ्याऐवजी दुसरं काहीतरी शोधत राहिले. डावा पाय घासायला लागला तर चपलेला दोष दिला. खांदा आखडला तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडे वर्षभर शेक घेतला. दुसऱ्याच्या कामातली केसाएवढी चूक पकडणारी मी, स्वतःच्या चुका मात्र हिरवा टॅग लावून पुढे ढकलत होते. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनीच हात टेकले आणि मला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते.

दहा ओळी

गंगापूर रोडच्या त्या डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. त्यांनी मला खुर्चीतून उठवलं, चालवलं, वळवलं, बोटांची उघडझाप करायला लावली. मग एक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "'मी नाशिकला राहते' असं दहा वेळा लिहा, एकाखाली एक."

पहिली ओळ माझ्या नेहमीच्या अक्षरात आली. पाचवी जरा आवळली. दहावी ओळ तर मुंग्या चालल्यासारखी होती. लिहिताना मला काही कळलं नव्हतं. कागद उचलून डोळ्यांजवळ धरला तेव्हा दिसलं की पहिल्या ओळीतल्या 'मी'च्या निम्म्यानेही शेवटचा 'मी' नव्हता.

"मॅडम, हे रिजेक्ट," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

"पार्किन्सन्स आहे," त्या म्हणाल्या. "या वयात कमी दिसतो, पण दिसतो."

माझे यजमान सुधाकर महापालिकेच्या शाळेत गणित शिकवतात. त्यांचा पहिला प्रश्न शिक्षकाचाच होता. "पण हा तर म्हाताऱ्या माणसांचा आजार ना?"

मॅडमनी त्यांना उत्तर द्यायच्या आधी मला विचारलं, "तुमचे आई-वडील लग्नाच्या आधीपासून एकमेकांच्या नात्यात होते का?"

मला हसू आलं. "बाबांनी मामाची मुलगी केली. आमच्याकडे असंच असतं. माझ्या अनिकेतसाठीसुद्धा माझ्या दादाची शीतल ठरल्यातच जमा आहे." मी हे हौसेने सांगितलं. मॅडमचं पेन क्षणभर थांबलं, मग त्यांनी तेही लिहून घेतलं. तेव्हा मला त्या थांबण्याचा अर्थ कळला नाही.

त्या दिवशी मी रडले नाही. तीन दिवसांनी पोळ्या लाटताना रडले, कारण पोळी गोल फिरेना. सुधाकर आले, लाटणं हातातून घेतलं आणि नकाशासारख्या चार पोळ्या लाटल्या. आम्ही त्या खाल्ल्या.

मेथीची जुडी

पहिली गोळी मी एका रविवारी सकाळी घेतली. अर्धी तोडून. त्या अर्ध्या तुकड्याकडून माझी काही अपेक्षा नव्हती. मी मेथी निवडायला बसले आणि पाऊण तासाने माझ्या लक्षात आलं की डावा हात पानं खुडतोय. मी त्याला सांगितलं नव्हतं. महिनोन् महिने तो हात मांडीवर पडून असायचा, आणि आता आपणहून कामाला लागला होता.

"अहो, इकडे या."

सुधाकर धावत आले, त्यांना वाटलं मी पडले. मी म्हटलं, "हात बघा." आम्ही दोघं, लग्नाला बावीस वर्षं झालेली माणसं, मेथी निवडणाऱ्या एका हाताकडे बघत बसलो. एक काडी उचलून त्यांनी माझ्या त्या हातात दिली आणि मी तिची पानं खुडली.

मॅडमनी नंतर सांगितलं की मेंदूत एक द्रव्य कमी पडतंय, आणि गोळीतून फक्त त्याचा कच्चा माल जातो. पक्का माल मेंदू स्वतःच बनवतो. मला याचं अजूनही नवल वाटतं. इतकं बिघडलेलं असूनही आतला कारखाना माल मिळाला की काम सुरू करतो.

दुसरं नवल गोळीशिवायचं. झोपून उठल्यावर साधारण तासभर मी जवळजवळ बरी असते. हात स्थिर, पाऊल हलकं. मग हळूहळू आजार कामावर हजर होतो. काहींच्या बाबतीत असं होतं, असं मॅडम म्हणाल्या. मी त्या तासात वेणी घालते, रांगोळी काढते, आणि कधी कधी काहीच न करता गॅलरीत नुसती उभी राहते. नुसतं उभं राहता येणं ही केवढी गोष्ट आहे, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

फळीवरचा बोर्ड

आजाराची बातमी पसरली तसे डबे यायला लागले.

दादा लासलगावच्या मार्केटात मापाडी आहे, म्हणजे लिलावाच्या कांद्याचं वजन तो करतो. त्याची शीतल फार्मसी शिकून तिथल्याच एका मेडिकल दुकानात बसते. तिने प्रोटीन पावडर पाठवली, कारण मी वाळत चालले होते, आणि रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या. शेजारणीने बी-कॉम्प्लेक्स, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दिलं. सुधाकरांच्या शाळेतून माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आल्या. पेठकडच्या डोंगरातला आमचा काशिनाथ, माझ्याच सेक्शनचा, कवचबीजाची पूड घेऊन आला. "बाई, खाजकुइलीच्या बियांची हाय. हातपाय कापतात त्यांना आमच्याकडं हीच देतात." म्हणता म्हणता सात डबे झाले.

आता मी काय केलं ते सांगते, कारण हे लिहायला बसले ते मुख्यतः यासाठीच.

आमच्या कारखान्यात हत्यारांचा एक बोर्ड असतो. प्रत्येक पाना, प्रत्येक स्क्रू-ड्रायव्हर जिथे टांगायचा तिथे त्याच्याच आकाराची सावली रंगवलेली. काम संपलं की सगळी हत्यारं आपापल्या सावलीवर परत आली पाहिजेत. एक जरी सावली रिकामी दिसली तरी ते हत्यार सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही. वीस वर्षं मी हा बोर्ड बघितला. मी घरी स्वयंपाकघराच्या फळीवर कागद चिकटवला आणि सातही डब्यांच्या सावल्या आखल्या. प्रत्येक डब्याचा बॅच नंबर, तारीख, सील तपासलं. कागदोपत्री सगळे पास. रोज सकाळी आठ वाजता सगळे डबे एकदम खाली काढायचे, पेलाभर दुधात पावडर ढवळायची, त्याच्यासोबत पार्किन्सन्सची गोळी आणि बाकीचं सगळं घ्यायचं, डबे आपापल्या सावलीवर ठेवायचे आणि वहीत बरोबरची खूण करायची. एक दिवस चुकले नाही. माझ्या शिस्तीचा मला फार अभिमान वाटायचा.

तीन महिन्यांत गोळी चालेनाशी झाली.

कधी दोन तासांनी थोडी लागायची, कधी लागायचीच नाही. एखाद्या दिवशी उलटंच, मान आणि हात आपोआप डोलायला लागायचे. मला वाटलं, आजाराने उडी मारली, आता संपलं. मी भ्याले. एवढी भ्याले की मॅडमनाही फोन केला नाही, कारण त्या तेच सांगतील असं वाटलं. प्रत्येक इन्स्पेक्टरचा स्वतःच्या नंबरचा शिक्का असतो. मी माझा शिक्का साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि कागदपत्रांच्या सेक्शनला बदली मागून घेतली. जिन्यात बसून पाच मिनिटं तळहातावरचा शिक्क्याच्या शाईचा डाग बघत होते.

शेवटी सुधाकरांनीच मॅडमची वेळ घेतली. मॅडम म्हणाल्या, "घरात जे जे घेताय ते सगळं पिशवीत घालून आणा." मी पिशवी उपडी केली. सोबत वहीही दिली. त्यांनी वहीची पानं उलटली आणि कपाळाला हात लावला.

"सगळं एकदम? आठ वाजता? दुधातून?"

"एकही दिवस चुकले नाही," मी म्हटलं.

"तेच तर," त्या म्हणाल्या. मग त्यांनी समजावलं. प्रथिनं पचली की त्यातून जे निघतं ते आणि माझी गोळी, दोघंही आतड्यातून एकाच दाराने रक्तात जातात. मी रोज गोळीच्या पुढे दूध आणि पावडरची गर्दी उभी करत होते. लोह तर गोळीला वाटेतच धरून ठेवतं. आणि काशिनाथच्या पुडीत, त्या खाजऱ्या शेंगांच्या बियांत, निसर्गतःच तेच औषध असतं जे माझ्या गोळीत आहे. फक्त किती आहे ते मोजलेलं नसतं, म्हणून काही दिवस मी डोलत होते.

मला माझ्या मूर्खपणाची लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. त्या क्षणी मी नुसती थक्क झाले होते. कुंपणावर चढणारा वेल, ज्याच्या शेंगांच्या कुसांनी लहानपणी आम्ही अंग खाजवून रडायचो, त्याला माझ्या मेंदूची भाषा येत होती.

मॅडमनी सगळे डबे बंद केले. रक्त तपासून जे खरोखर कमी निघालं ते ड जीवनसत्त्व तेवढं ठेवलं. गोळी रिकाम्या पोटी, जेवणाच्या अर्धा तास आधी. लोह लागलंच तर गोळीपासून लांब. डाळ-दूध बंद नाही, पण गोळीच्या वेळेला नाही. "यातल्या कशाने आजार मागे फिरतो असं सिद्ध झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि काही नवीन सुरू करायचं तर आधी मला विचारायचं." आठ दिवसांत माझा हात परत आला.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी या आजारात नवीन असेल तर एवढंच सांगते: माझं वेळापत्रक उचलू नका, प्रत्येकाचं वेगळं असतं. पण प्रेमाने आलेला प्रत्येक डबा पिशवीत घालून आपल्या डॉक्टरांसमोर ओता. मी ते करायला तीन महिने आणि एक शिक्का घालवला.

दोन प्रती

मी तरुण आणि आई-वडील नात्यातले, म्हणून मॅडमनी जनुकांची तपासणी सुचवली होती. डबे बंद झाल्यावर रक्त दिलं. काही आठवड्यांनी अहवाल आला आणि आम्ही दोघं पुन्हा त्यांच्यासमोर बसलो.

मॅडमनी टेबलावर एकाशेजारी एक दोन कागद ठेवले. "प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक आईची, एक वडिलांची. एक खराब असली तरी दुसरीवर काम भागतं. तुमच्या एका जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये एकच तुकडा गायब आहे. अगदी तोच."

"तोच कसा?"

"दोन्ही प्रती एकाच जुन्या प्रतीवरून उतरल्या असणार."

माझे पणजोबा असतील किंवा पणजी. त्यांच्यात कधीतरी एक तुकडा गळाला, त्यांना कळलाही नाही. तो दोन वाटांनी चालत चालत माझ्या आईकडे आणि बाबांकडे आला आणि माझ्यात येऊन भेटला. इतकी वर्षं, इतकी माणसं, इतकी लग्नं, आणि तुकडा नेमका तोच.

"हे जनुक करतं काय?" सुधाकरांनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "पेशीच्या आत ऊर्जा बनवणारे अगदी बारीक कारखाने असतात. ते झिजतात, बिघडतात. बिघडलेला ओळखू आला की त्याच्यावर खूण करावी लागते, म्हणजे पेशी त्याला उचलून मोडीत काढते. ती खूण करणं हे याचं काम."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. "म्हणजे लाल टॅग."

"काय?"

"बिघडलेल्या भागाला लाल टॅग बांधतो, तो. माझ्यात तो कामावरच आला नाही."

मी हसायला लागले. मग हसता हसता रडायला लागले, आणि मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी जन्मभर जे काम केलं, ज्याचा तोरा मिरवला, तेच काम माझ्या प्रत्येक पेशीत कुणीतरी करायचं होतं, आणि ती खुर्ची माझ्या जन्माच्या आधीपासून रिकामी होती. तरीही एकेचाळीस वर्षं मी चालले, नाचले, एक मुलगा वाढवला. मला त्या कोट्यवधी पेशींची दया आली आणि कौतुकही वाटलं. मॅडम म्हणाल्या की या प्रकारात आजार बहुधा संथ चालतो आणि गोळीला चांगली साथ देतो. मी ते कानात साठवून ठेवलं.

मग त्यांनी पहिल्या दिवशी थांबलेलं पेन पुन्हा हातात घेतलं. "तुमच्या मुलाचं लग्न मामाच्या मुलीशी ठरलंय म्हणाला होतात."

पंच्याहत्तर टक्के

मॅडमनी सांगितलं ते असं. अनिकेतकडे एक अपुरी प्रत नक्की आहे, माझी. दुसरी त्याच्या वडिलांची, आणि ते नात्यातले नाहीत. त्यामुळे त्याच्या तब्येतीची काळजी नाही. पण दादाकडे एक अपुरी प्रत असू शकते, आणि त्याच्याकडून शीतलकडे. तसं असेल तर अनिकेत-शीतलच्या प्रत्येक बाळाला माझ्यासारखं होण्याची शक्यता चारात एक.

साखरपुडा पंधरा दिवसांवर होता. विहारातला हॉल ठरला होता. शीतल पाच वर्षांची असल्यापासून सुट्टीत माझ्याकडे येते, तिच्या केसांना तेल मी लावलंय. दोघांना एकमेकं आवडतात, म्हणजे आम्ही जबरदस्ती केलेली नव्हती. मी सांगितलं तर लग्न मोडेल. दादाच्या घरचे म्हणतील, नंदाने आजार आणला आणि वर आमच्या पोरीवर ठपका ठेवला. नाही सांगितलं तर कुणाला कधी कळणारही नाही.

घरी आल्यावर सुधाकर म्हणाले, "आत्ता बोलू नकोस. साखरपुडा होऊन जाऊ दे. चारात एक म्हणजे पंचवीस टक्के. पंच्याहत्तर टक्के चांगलंच होणार. आम्ही पंच्याहत्तर टक्क्यांना डिस्टिंक्शन देतो."

"विमानात पंच्याहत्तर टक्के चालत नाहीत, अहो."

"नंदा, ही माणसं आहेत."

"म्हणूनच."

ते चिडून उठून गेले. चार दिवस घरात फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. खरं सांगते, त्या चार दिवसांत मीही डळमळले. एकदा तर अहवाल कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. पण त्याच कपाटातून सकाळी रुमाल काढताना मला वाटलं की मी भाग न मापताच पुढे पाठवतेय, आणि ह्या वेळी तो भाग म्हणजे माझं नातवंड आहे.

अनिकेतला आधी सांगितलं. तो सातपूरच्या एका कंपनीत लागलाय. बराच वेळ अहवाल वाचून तो म्हणाला, "शीतलला मी सांगू?"

"नाही. दादाच्या घरात जाऊन मी सांगणार. खोट माझ्या माहेरची आहे."

पाचव्या दिवशी सुधाकरांनी गाडीची किल्ली घेतली. "चल. तुझी गोळी कधीची आहे? त्या हिशेबाने निघू."

उंबरा

आम्ही फार नीट हिशेब केला होता. गोळी घेऊन निघायचं, म्हणजे पोचेपर्यंत ती चढलेली असेल आणि मी माझ्या पायांवर माहेरी जाऊन बोलेन. पण लिलावाचा दिवस आहे हे दोघंही विसरलो. विंचूर सोडलं आणि कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. पुढे ट्रॉली, मागे ट्रॉली, आणि मध्ये आमची छोटी गाडी. दीड तास. दादाच्या दारात पोचले तेव्हा गोळी उतरली होती.

उंबऱ्याशी माझे पाय जमिनीला चिकटले. हे आमच्या आजारात होतं, विशेषतः दारात. डोकं सांगतं चल, आणि पाय ऐकतच नाहीत.

"अगं नंदे, उन्हात काय उभी राह्यली? आत ये की," आतून दादा म्हणाला.

"येते."

वहिनी उठली. "ताई, हात धरू का?" मी मानेनेच नको म्हटलं. ओढलं की मी तोंडावर पडते. माहेरच्या उंबऱ्यावर मी खांबासारखी उभी होते.

शीतल बाहेर आली. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. ती शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने आपलं पाऊल माझ्या पावलापुढे आडवं ठेवलं.

"आत्या, उंबऱ्याकडे बघू नको. माझ्या पायावरून ये."

मी तिच्या पायावरून पाय टाकला आणि आत आले. सरळ सपाट जमिनीवर ज्या मेंदूला वाट सापडत नव्हती, त्याला पुढ्यात अडथळा ठेवल्यावर सापडली. मी तिच्याकडे बघत राहिले.

"दुकानात गिऱ्हाईक नसलं की तुझ्या आजाराचंच वाचते," ती म्हणाली. "ती पावडर मी पाठवली होती ना."

मी पाणी येईपर्यंतही थांबले नाही. सगळं एका दमात सांगितलं. आईची प्रत, बाबांची प्रत, माझ्यातला गायब तुकडा, अनिकेतची अर्धी खोट, दादाची आणि शीतलची असू शकेल ती, आणि चारातलं एक बाळ.

दादाने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "म्हंजे आईबाबांनी लगीन करायला नको व्हतं?"

हे माझ्या जिव्हारी लागलं. "केलं नसतं तर तू कुठे होतास आणि मी कुठे होते?"

वहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागली. "साखरपुड्याला धा दिवस राह्यले, ताई. गावजेवणाचं आमंत्रण गेलंय. लोकांना काय सांगू?"

"सांग, नंदाची तब्येत बरी नाही. त्यात खोटं काय आहे?"

सुधाकर इतका वेळ दाराशी उभे होते. ते म्हणाले, "दादा, मी हिला नको म्हणालो होतो."

दादाने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी मापाडी हाय, दाजी. काट्यात खोट असली तर वजनाच्या आधी सांगाय लागती. वजन झाल्यावर सांगून काय उपेग?" त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरं केलंस, नंदे."

शीतल एवढंच म्हणाली, "रक्त कुठं द्यायचं?"

पिवळा पुठ्ठा

साखरपुडा पुढे गेला. गावात जे बोलायचं ते लोक बोलले.

शीतलचा अहवाल आला तेव्हा ती नाशिकला आली. संध्याकाळी अनिकेत आणि ती दोघंच मॅडमकडे जाऊन तासभर बसून आले. मला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून गॅलरीत उभी होते, माझ्या त्या चांगल्या तासात, तेव्हा ती चहा घेऊन आली. मला माहीत आहे, तिने तो तास मुद्दाम निवडला होता.

"आत्या, माझ्यातपण आहे. एक प्रत."

चहाचा कप मी कठड्यावर ठेवला. मला वाटलं, झालं, आता ही सांगेल की आम्ही ठरवलं नको म्हणून. तसं सांगितलं असतं तरी ती माझी शीतलच राहिली असती, हे मी मनात पक्कं केलं होतं.

तिने ओढणीखालून एक पिवळा पुठ्ठा काढला. औषधाच्या खोक्याचा कापलेला, वर नीट भोक पाडलेलं, भोकात दोरा. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: दोघांत एकेक प्रत अपुरी. दोघांच्याही तब्येतीला धोका नाही. लग्न करायचं. बाळाचा विचार आधी डॉक्टरांना विचारून, सगळे मार्ग समजून, मगच. खाली दोन सह्या होत्या, एक तिची आणि एक अनिकेतची. तिसरी जागा रिकामी होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, इन्स्पेक्टर.

"तूच सांगितलं होतंस ना," ती म्हणाली, "पिवळ्यात चूक लिहायची आणि जबाबदार माणसांनी सह्या करायच्या."

खरंच सांगितलं होतं, तिच्या केसांना तेल लावताना, ती दहा वर्षांची असेल. तेव्हा तिने मला विचारलं होतं की मग एकही चूक नसलेलं विमान कसं असतं. मी म्हटलं होतं, तसं मी अजून बघितलं नाही. चूक न लिहिलेलं विमान मात्र मी कधी उडू दिलं नाही.

"माझ्याकडे आता शिक्का नाही गं."

"सही चालेल."

रिकाम्या जागेत तिने पेन्सिलने दोन रेघा आखलेल्या होत्या, चांगल्या लांब लांब. ज्यांचं अक्षर बारीक होत जातं त्यांनी रेघांना टेकवून लिहावं, हेही तिने कुठेतरी वाचलं होतं. मी पेन घेतलं. 'नंदा' लिहिलं. खालच्या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंत, पहिल्या ओळीतल्या 'मी'सारखं.

मग तिने मनगट पुढे केलं. "बांध."

दोरा धरला. अंगठा आणि बोट स्थिर होते, पण किती वेळ राहतील ते माहीत नव्हतं, तास संपत आला होता. पहिला फेरा निसटला. दुसरा बसला. गाठ घट्ट करेपर्यंत बोटं थरथरायला लागली होती, तरी मी सोडली नाही. मागे दारात अनिकेत आणि सुधाकर येऊन उभे राहिल्याचं मला जाणवलं, पण मी वळले नाही. पूर्वी डोळे झाकून जे काम व्हायचं, त्याला त्या दिवशी चांगली चार मिनिटं लागली.

शीतलने मनगट हलवून बघितलं. दोरा ओढला. मग जोरात ओढला.

"सुटत नाही, आत्या," ती म्हणाली.